अमरावतीहून लेहला विमानाने अंतर किती आणि किती तास लागतात? आईबाबांना भावाकडे न्यायचंय, एका दिवसात होईल का?

सरळ रेघ ओढली तर बेलोरा विमानतळ ते लेह साधारण 1480 किलोमीटर. लेह आपल्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला आहे, डायरेक्ट जेट असतं तर सव्वादोन तासात काम झालं असतं. पण तसं विमान नाही ना बॉ.

माझं अंजनगावात ऑनलाइन फॉर्म-तिकिटाचं दुकान आहे, फौजेतल्या पोरांची तिकिटं नेहमीच काढून देतो, म्हणून सांगतो, बेलोऱ्याहून जायच्या भानगडीत पडू नका. एप्रिल 2025 मध्ये तिथून मुंबईचं विमान सुरू झालं, चांगलं झालं, पण ते एटीआर, पंख्याचं, मुंबईलाच पावणेदोन तास घेते आणि रोज नसते. म्हणजे जायचं उत्तरेला आन् आधी पश्चिमेला साडेपाचशे किलोमीटर काहून जायचं? मुंबईमार्गे बेरीज 2200 च्या वर जाते.

त्यापेक्षा गाडी करून नागपूर गाठा, अमरावतीहून तीनेक तास. नागपूर-दिल्ली 850 किलोमीटर, पावणेदोन तास धरा, आणि दिल्ली-लेह 620, सव्वा ते दीड तास. हवेतले तास जेमतेम तीन-सव्वातीन, पण साइटवर सर्च केलं की एकूण प्रवास सोळा-सतरा तास असं काहीतरी दाखवते आणि लोक घाबरून फोन करतात, वेबसाइट बिघडली का म्हणून. बिघडली नाही, लेहची विमानं बहुतेक सकाळचीच असतात. विमानतळ 10,682 फुटांवर, चारी बाजूंनी डोंगर, दुपारी वारा सुटते, आणि ऊन तापलं की आधीच विरळ असलेली हवा अजून पातळ होते, मग भरलेलं विमान उचलत नाही. जुलै 2024 मध्ये तर निव्वळ गरमीपायी तिथली विमानं रद्द झाली होती. म्हणून एका दिवसात होईल का, तर घरून सकाळी निघून नाही होत, बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी दिल्लीत पोचून रात्र काढावी लागते. म्हाताऱ्या माणसांना रात्रभर विमानतळाच्या खुर्चीवर बसवू नका, जवळ एखादी रूम घ्या.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी काढली आणि नागपूरचं लेट झालं तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे गेले समजा, आणि त्या रस्त्यावर ऐनवेळचे भाव ऐकले तर चक्करच येते.

बाबांना बीपी, दमा काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढूच नका. आपल्याइकडून थेट साडेदहा हजार फुटांवर उतरतो आपण, जन्मभर वावरात राबलेला माणूस पण तिथं एक जिना चढून धापा टाकते. पहिले दोन दिवस नुसतं झोपायचं, पाणी प्यायचं, भावाला सांगून ठेवा की आल्या आल्या फिरवायला नेऊ नको. परतीला पण दिल्लीहून पुढचं विमान संध्याकाळचं घ्या, सकाळी हवामान बिघडलं की लेहचं विमान सुटत नाही.

आणि हो, इकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते. निदान एकाचं तरी आधी करून घ्या.