पान लागलं, म्हणजे साप चावला, तर? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी सर्पदंशावर चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच पडला. लावणीचे दिवस आहेत, साहजिक आहे. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न घेतो.

"आमच्या आजोबांना दोनदा पान लागलं, दोन्ही वेळा भगतानेच उतरवलं. मग तुम्ही डॉक्टर लोक मंत्राला नावं का ठेवता?"

नावं नाही ठेवत हो, हिशोब सांगतो. आपल्याकडे घराशेतात दिसणारे बहुतेक साप बिनविषारी असतात, धामण, दिवड, कवड्या वगैरे, आणि विषारी सापसुद्धा दर वेळी विष सोडतोच असं नाही, कोरडा चावा म्हणतो आम्ही त्याला. म्हणजे भगताकडे गेलेल्यातले बरेचसे तसेही वाचणारच होते, पण नाव त्याचं होतं. आणि जे जातात त्यांचं काय, तर "वेळ भरली होती".

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने साधारण १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८,००० झाली, आणि त्यातले बरेच दवाखान्याचं तोंड न बघताच गेलेले.

पूर्वी मी भगताच्या नावाने तावातावाने भांडायचो. उपयोग शून्य. लोक जायचेच, फक्त माझ्यापासून लपवायचे, मग कडुनिंबाचा पाला खायला घालून कडू लागतो का बघितलं, विष ओढायला म्हणून जखमेला कोंबडी लावली, त्यात तीन तास गेले, हे मला कळायचंच नाही. आता मी भगताला एवढंच म्हणतो, बाबा मंत्र म्हण, पण गाडीत बसून म्हण. आमच्याकडचा एक जण खरंच पेशंटसोबत येतो, १०८ ला फोनही तोच लावतो, आणि दवाखान्याच्या पायरीवर अंगारा लावतो, लावू दे की!

"चावल्यावर दोरीने आवळून बांधायचं का? ब्लेडने चिरून रक्त काढलं तर विष निघतं ना?"

नाही आणि नाही. घोणस किंवा फुरशाचं विष मुळात चावलेल्या जागेचं मांस सडवतं, त्यात तुम्ही वरून करकचून आवळलंत की रक्तच बंद, मग पाय काळा पडतो. चिरण्याचं तर विचारूच नका, याच दोन सापांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, म्हणजे तुम्ही चिरलंत की ते वाहतच राहणार. तोंडाने चोखायचं नाही, बर्फ नाही, हळद-चुना काही नाही. अंगठी, जोडवी, कडं, घड्याळ आधी काढा कारण सूज येते. हातपाय मोडल्यावर फळीला सैलसर बांधतो तसा तो हात किंवा पाय बांधा, माणसाला चालवू नका, आणि निघा. कोणी आधीच घट्ट बांधलं असेल तर वाटेत फाडकन सोडू नका, ते आम्ही इथे लस, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, चालू करून सोडतो.

"पुतण्या रात्री बरा झोपला, पहाटे पोटात दुखतंय म्हणाला, अंगावर खूण काहीच नाही. अ‍ॅसिडिटी समजून गोळी दिली आणि दुपारपर्यंत डोळे उघडेनात. डॉक्टर म्हणाले मण्यार. हे कसं शक्य आहे?"

अगदी शक्य आहे, आणि तुमची चूक नाही, मण्यार असाच फसवतो. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. मग पोटात कळ, उलटी, घसा दुखणं, आणि नंतर पापण्या जड होणं, एकाचे दोन दिसणं, गिळता न येणं. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोट धरून उठलं आणि पापण्या खाली येतायत असं वाटलं, तर गोळीबिळी काही नाही, सरळ दवाखाना. लस रक्तात फिरणारं विष पकडते, मज्जातंतूच्या टोकाला जाऊन बसलेलं विष तिला सोडवता येत नाही, त्यामुळे उशीर झाला की श्वास मशीनवर ठेवावा लागतो, कधी कधी कित्येक दिवस. पण त्या काळात तग धरला तर माणूस स्वतःच्या पायांनी घरी जातो. अजून एक, असा पेशंट मेल्यासारखा पडलेला दिसतो पण कित्येकदा त्याला सगळं ऐकू येत असतं, तेव्हा कॉटजवळ उभं राहून "गेला आता" असलं बोलू नका.

उपाय म्हणाल तर मच्छरदाणी. कडा गादीखाली नीट खोचून. खाट असेल तर उत्तमच, नसेल तरी मच्छरदाणी हवीच. धान्याची पोती उशाशी नकोत, पोत्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे हा.

"लसीच्या बाटल्या घरीच आणून ठेवल्या तर?"

नको. ती घोड्याच्या रक्तापासून बनते, काहींना जोरदार रिअ‍ॅक्शन येते, तेव्हा ती आवरायला हाताशी अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन आणि ते देणारं माणूस लागतं. शिवाय एका बाटलीने काही होत नाही, सुरुवातच साधारण १० बाटल्यांनी होते, आणि लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप पोराचं वजन बघून विष कमी सोडत नाही. त्यापेक्षा जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात लस आहे आणि रात्री डॉक्टर असतो का हे आजच विचारून ठेवा.

"साप मारून सोबत आणायचा का?"

कशाला? दुसऱ्यालाही चावून घ्यायला? आमच्याकडे असं झालंय, एक पेशंट यायचा तिथे दोन आले. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांना लस एकच आहे. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर लक्षणं बघून आणि काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं न हलवता ठेवून ते गोठतं का बघून आम्ही ठरवतो.

"वडील शेतात साप चावून गेले. सातबारा काकांच्या नावावर आहे, काही मदत मिळेल का?"

वाईट वाटलं वाचून. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश धरलेला आहे, मृत्यू झाल्यास २ लाख, आणि खातेदार शेतकऱ्याच्या कुटुंबातल्या नावावर जमीन नसलेल्या एका सदस्यालाही ती लागू होते, वय १० ते ७५. पण काका त्या 'कुटुंबात' धरले जातात का, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडेच विचारावं लागेल, आणि तेही लगेच, मुदत असते. पोस्टमॉर्टेम झालं होतं का ते कळवा, बाकीचं त्यावर बोलू.