उंदरांवर व्हिटॅमिन बी-12 ने वेदना कमी झाल्या असं वाचलं. आईच्या गुडघेदुखीसाठी इंजेक्शनं सुरू करावीत का?

उंदरांना गुण आला हे खरं आहे. पण कसलं दुखणं आणि किती डोस, हे बातमीत कोणी लिहीत नाही. माझा एम.फार्म.चा प्रोजेक्टच बी-1, बी-6, बी-12 आणि वेदनांवर होता, म्हणून राहवलं नाही.

उंदरांची वेदना आम्ही हॉट प्लेटवर मोजायचो. हॉट प्लेट म्हणजे 55 अंशांना तापलेली धातूची पाटी, भोवती पारदर्शक नळकांडं. उंदीर आत सोडायचा आणि स्टॉपवॉच दाबायचं. आधी तो पुढचे पंजे चाटतो, मग मागचा पंजा झटकतो, चाटतो, नाहीतर सरळ उडी मारतो. तसं झालं की लगेच बाहेर. काहीच केलं नाही तरी ठरलेल्या सेकंदाला काढायचाच, नाहीतर पंजे भाजतात. जितका उशीर, तितकी वेदना कमी, असं धरतात.

आमच्या व्हिटॅमिनवाल्या उंदरांनी चांगलाच उशीर केला. गाइड खूश, "ग्राफ काढ, लिहायला घे." पण जास्त डोसवाले पिंजऱ्यातही मुटकुळं करून बसून असायचे. दुखत नाही म्हणून उडी नाही, की अंगात त्राणच नाही म्हणून? ते तपासायला रोटारॉड असतो; फिरत्या दांड्यावर उंदीर किती वेळ टिकतो ते बघायचं. यंत्र शेजारच्याच टेबलावर होतं. गाइड सर म्हणाले, "सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे मंजूर आराखड्यात, नाही. एथिक्स कमिटीकडे परत कोण जाणार?" शिवाय पिंजऱ्यांवर औषधाच्या चिठ्ठ्या, म्हणजे सेकंद मोजणाऱ्याला सगळं आधीच ठाऊक. चिठ्ठ्या बदलून नुसते नंबर लावू म्हटलं, तर "पीएच.डी. करतेस का?" व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न रोटारॉडचाच विचारला. सर पंख्याकडे बघत होते. माझं मत तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे: रोटारॉडशिवाय हॉट प्लेटचा आकडा कोणी दाखवला तर मान डोलावू नका.

चांगलं कामही झालंय. 2005 साली 'पेन' या जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात मज्जातंतूंना इजा केलेल्या रॅट्सना (मोठ्या जातीच्या उंदरांना) याच तीन व्हिटॅमिन्सनी उष्णतेची वाढलेली वेदना कमी झाली. दाबाची, टोचण्याची मात्र नाही. तुमच्या आईचा गुडघा काय तव्यावर ठेवलाय? जिना उतरताना त्यावर भार येतो म्हणून तो दुखतो.

आणि डोस. रॅटला किलोमागे 33 मिलिग्रॅम बी-1 पोटात टोचतात. रॅटचा डोस माणसाला लावताना किलोमागचा आकडा 6.2 ने भागायचा, तरी 60 किलोच्या बाईला तो 300 मिलिग्रॅमच्या वर जातो. बी-कॉम्प्लेक्सच्या बऱ्याच गोळ्यांत बी-1 असतं 10 मिलिग्रॅमच्या आसपास.

म्हणून गुडघा झिजला असेल तर ऑर्थोपेडिककडे जा, मांडीचे व्यायाम करा. बी-12 च्या लाल इंजेक्शनवर पैसे घालू नका.

हां, पायाला मुंग्या येत असतील, तळवे बधिर वाटत असतील, आई शाकाहारी असतील किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी-12 ची रक्ततपासणी जरूर करा. कमी निघालं तर इंजेक्शनं घ्यायलाच हवीत, त्यात माझा वाद नाही. फक्त जादा बी-6 वाल्या गोळ्या मनाने महिनोन्‌महिने देऊ नका. बी-6 चा भारी डोस देऊन रॅट्सच्या नसा मुद्दाम खराब करतात, आणि माणसांतही तसं झालेलं आहे.