खानापूरहून मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली की आवाज तुटतो आणि आकडे पुसट दिसतात, काय करू?

स्क्रीन दाखवताना आधी तुमचा कॅमेरा बंद करा आणि लॅपटॉप लॅन केबलनं राउटरला जोडा, निम्मा त्रास तिथंच संपतो बघा. झूमच्याच माहितीनुसार नुसत्या स्क्रीन शेअरला 50 ते 75 केबीपीएस (इंटरनेटच्या वेगाचं माप) पुरतात, पण दोघांच्या व्हिडिओ कॉलला 600 लागतात. मी बेळगावातनं रोज पुण्याच्या टीमला एक्सेल दाखवतो, जाड दगडी भिंतीपलीकडं वायफायवर 3 आणि 8 सारखेच दिसायचे, केबल टाकल्यापासनं एकदम स्वच्छ. इयरफोन लावाच, नाहीतर स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो. फक्त एक, मोबाईल हॉटस्पॉटवर असाल आणि रेंजची एकच कांडी असेल तर ह्यानं फार फरक पडणार नाही, तेव्हा बोलणं साध्या फोनवर करा नि लॅपटॉपवर नुसती स्क्रीन ठेवा.