पुणे विद्यापीठाच्या कॅम्पसवरचे कार्यक्रम आणि संधी वेळेत कशा कळतात?

तुझा प्रश्न मला असा समजला : आष्टी तालुक्यातून यंदा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या एमएस्सीला आलास. कॅम्पसवर रोज काही ना काही चालू असतं, पण तुला ते दुसऱ्यांच्या स्टेटसवर फोटो पडले की कळतं. आधी कळावं म्हणून काय करायचं? तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा असशील, म्हणून अरे-तुरे करते.

मी याच कॅम्पसवर वनस्पतीशास्त्रात एमएस्सी केलं, आता एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते. पहिल्या वर्षी माझंही असंच व्हायचं. दिवाळीहून परत आले त्या दिवशी बोर्डावर ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेची सूचना दिसली. शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. विषय डोक्यात होता, रात्री बसून फॉर्म भरला आणि खाली आले तर ओळ होती, ‘मार्गदर्शकाची सही’. तिथे अडले. चार महिने वर्गात रोज हजर होते, पण तासाबाहेर एकाही सरांशी किंवा मॅडमशी बोलले नव्हते. कुठल्या तोंडाने सही मागायची? तो फॉर्म घडी घालून वहीत ठेवला, तो तसाच राहिला.

ती सूचना पंधरा दिवस आधी वाचली असती तरी माझं तेच झालं असतं, हे नंतर समजलं. म्हणून तुला सांगते, सूचना कुठे लागते हे दुय्यम आहे. ती लागेल तेव्हा तुझ्या हातात थोडं काम आणि तुला ओळखणारा एक शिक्षक, एवढं आधीच असायला हवं. आणि ही तयारी करता येते, कारण कॅम्पसवरच्या बहुतेक गोष्टी दरवर्षी त्याच सुमाराला येतात. शेतकऱ्याला मृग कधी लागतो हे कोणी सांगावं लागत नाही, तसं हे वर्ष एकदा अंगात भिनवून घे.

आविष्कारचंच घे. राजभवनाच्या पुढाकाराने २००६ पासून चालू असलेली ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. पदवी, पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांचे गट वेगळे असतात, त्यामुळे तुला पीएचडीवाल्यांशी टक्कर द्यावी लागत नाही. आधीच्या फेऱ्या पार करत विद्यापीठाच्या संघात जायचं आणि तिथून राज्याला. दिवाळीच्या मागेपुढे हालचाल सुरू होते.

दुसऱ्या वर्षी मी ऑगस्टमध्येच कामाला लागले, तेव्हा सूचनेचा पत्ताही नव्हता. आमची आजी चवळी राखेत घालून ठेवायची, शेजारच्या काकू कडुनिंबाचा पाला घालायच्या. खरंच कशाने टिकते, हे मला बघायचं होतं. होस्टेलच्या खिडकीत तीन बरण्या मांडल्या : एकीत चवळी आणि राख, दुसरीत चवळी आणि वाळवलेला पाला, तिसरीत नुसती चवळी. तिन्हींत सारखेच भुंगेरे सोडले. दर आठव्या दिवशी बरणी वर्तमानपत्रावर ओतायची आणि टाचणीने एकेक दाणा सरकवत भोक पडलेले वेगळे मोजायचे. रूममेट आधी वैतागली, मग तीही मोजायला बसू लागली. तिसऱ्या मोजणीनंतर वही घेऊन आमच्या एका मॅडमच्या केबिनमध्ये गेले. सही मागायला नव्हे, पाल्याच्या बरणीतले आकडे मध्येच वर का गेले हे विचारायला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, वही उलगडली आणि अर्धा तास बोलत बसल्या. नोव्हेंबरात फॉर्म आला तेव्हा सहीची काळजीच उरली नव्हती.

विद्यापीठाच्या फेरीत एका परीक्षकांनी पोस्टर पूर्ण वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, “बरण्या किती वेळा उघडल्या? दर वेळी पाल्याचा वास उडून जात असेल, तो कुठे धरलात?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे निवड झाली नाही, पण त्या एका प्रश्नाने मला प्रयोग कसा मांडायचा हे जेवढं शिकवलं, तेवढं दोन सेमिस्टरनी शिकवलं नाही. आज माझ्या मुलांना प्रॅक्टिकलला मी तोच प्रश्न वेगवेगळ्या वेशात विचारते.

पैशाची ओढाताण असेल तर आधी ‘कमवा व शिका’ बघ. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालणारी ही योजना आहे. विद्यार्थी विकास मंडळाकडे अर्ज जातो, विभागात, ग्रंथालयात, बागेत काम मिळतं, तासावर पैसे मिळतात. लाजू नकोस. माझ्या बॅचची अर्धी मुलं त्यात होती. मला जयकर ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं रॅकवर लावायचं काम होतं. (जयकर म्हणजे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर.) गाडीवर पुस्तकं रचून क्रमांक बघत फिरायचं. त्या फिरण्यात माझ्या विषयाचं कुठलं नियतकालिक कुठे ठेवलंय हे पाठ झालं, आणि कोणत्या विभागात कोणाचं व्याख्यान आहे हे दारावरच्या कागदावरून आणि तिथल्या काकांकडून रोज कळायचं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर शंभर शुभेच्छांच्या खाली सूचना दबून जाते. काका मात्र आवर्जून सांगायचे, “उद्या तुझ्या विषयाचे कोणीतरी येतायत, जा.”

तुझ्यासारख्या पहिल्या वर्षाच्या मुलासाठी सगळ्यात मोठी गोष्ट उन्हाळ्याची, आणि तीच सगळ्यात जास्त मुलं हुकवतात. बेंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेससह देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम, विद्यावेतन आणि जाण्यायेण्याचा खर्च. दोन वर्षांच्या एमएस्सीत तो अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो आणि त्याची मुदत साधारण नोव्हेंबरात संपते. लोकांना उन्हाळा आठवतो मार्चमध्ये! अर्जात तुला काय करायचंय याचं छोटं टिपण लागतं आणि एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. म्हणजे पुन्हा तेच, तुला ओळखणारा माणूस हवा. हा अर्ज तू यंदा भरच, माझं हे एवढं तरी ऐक.

गाणं, नाटक, वक्तृत्व यात गती असेल तर ‘इंद्रधनुष्य’ हा राज्यातल्या विद्यापीठांचा युवक महोत्सव २००३ पासून होतो. विद्यापीठाच्या संघाची निवड बरीच आधी होते, तेव्हा विद्यार्थी विकास मंडळात पावसाळ्यातच जाऊन विचार. स्वतः काही करायचं नसेल तरी विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक, संगीत, नृत्य शिकणाऱ्या मुलांचे प्रयोग चुकवू नकोस. पुढे सेट, म्हणजे कॉलेजात प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा, द्यायची असेल तर महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती परीक्षा आपलंच विद्यापीठ घेतं, दुसऱ्या वर्षाला असताना बसता येतं.

१० फेब्रुवारीला विद्यापीठाचा वर्धापनदिन असतो, १९४९ चा जन्म. पण मला विचारशील तर फेब्रुवारीतला खरा दिवस २८ तारीख. राष्ट्रीय विज्ञान दिनाला कॅम्पसवरचं आयुका, म्हणजे खगोलशास्त्राची संशोधन संस्था, सगळ्यांसाठी खुलं असतं. जयंत नारळीकर तिथले संस्थापक-संचालक. शाळेच्या पोरांच्या रांगा लागतात, म्हणून मोठी मुलं तिकडे फिरकत नाहीत, हे फार चुकतं. एरवी ज्यांच्या दारावर टकटक करायला धीर होत नाही, ती माणसं त्या दिवशी स्वतःहून बाहेर उभी असतात, कोणीतरी विचारावं म्हणून. प्राणिशास्त्राचा मुलगा दुर्बिणीबद्दल विचारतोय याचं त्यांना नवल वाटत नाही, आनंद वाटतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारातही याच सुमारास विज्ञान प्रदर्शन भरतं. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या अँटेना जवळून बघायच्या असतील तर मित्रांना घेऊन पहाटेच निघ.

एक मात्र पाळ. सगळीकडे नाव नोंदवू नकोस. एका दिवसाच्या कार्यशाळांची वीस प्रमाणपत्रं फाइलमध्ये लावून मुलाखतीला येणारी मुलं मी बघते आणि वाईट वाटतं, कारण त्यातल्या एकाही विषयावर त्यांना दोन मिनिटं बोलता येत नाही. सेमिस्टरला एक गोष्ट धर आणि ती शेवटपर्यंत ने.

आजपासून सुरुवात करायची तर अशी कर. या आठवड्यात ज्यांचा तास तुला आवडला त्यांच्याकडे त्या तासातलाच एक प्रश्न घेऊन जा. इंग्रजी अडखळतं म्हणून थांबू नकोस, मराठीत विचार, मीही मराठीतच विचारलं होतं. मग तिथूनच विद्यार्थी विकास मंडळात जाऊन कमवा व शिकाचा फॉर्म आण. आणि तुला प्राण्यांमधलं नेमकं काय आवडतं, कीटक, मासे की पेशी, ते इथे खाली लिही. त्या विषयासाठी उन्हाळ्यात कुठल्या प्रयोगशाळांना अर्ज करता येईल आणि ते टिपण कसं लिहायचं, हे मी वेगळं सविस्तर लिहिते.