एकच आजार, दोन आस्थापना

प्रश्न : मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. पगार १७ हजार, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो. मिस्टर केंद्र सरकारच्या कार्यालयात आहेत. एप्रिल २०२१ मध्ये सासूबाईंना कोरोना झाला आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. आठवड्याभरात मीही पॉझिटिव्ह आले, पण घरीच बरी झाले. आता कंपनी म्हणते, निगेटिव्ह रिपोर्ट आणा, मगच रजेचं बघू. मिस्टरांच्या ऑफिसात डॉक्टरांचा दाखला मागतात. आमचे दिवस बिनपगारी जाणार का?
— एक वाचक, सातपूर (जुलै २०२१)

उत्तर : ताई, माझा उभा जन्म टाइम ऑफिसात, म्हणजे कारखान्याच्या हजेरी खात्यात गेला. ‘आधी कागद आणा’ हे वाक्य मीही पुष्कळांना ऐकवलंय, पण कुठला कागद ते तरी धड सांगायचो.

मिस्टरांचं काम सोपं आहे. केंद्राच्या कार्मिक विभागाचा ७ जून २०२१ चा आदेश त्यांनी छापून अर्जाला जोडावा. आई-वडील पॉझिटिव्ह आले तर १५ दिवस विशेष नैमित्तिक रजा त्या आदेशाने दिली. त्यानंतरही ते दवाखान्यातच असतील, तर डिस्चार्जपर्यंत खात्यावर शिल्लक असेल ती रजा घ्यायची मुभा दिली. आदेश २५ मार्च २०२० पासून लागू झाला, त्यामुळे एप्रिलचे दिवस त्यात बसतात. ते स्वतः पॉझिटिव्ह येऊन घरी राहिले असते, तरी २० दिवसांपर्यंत वैद्यकीय दाखला लागला नसता, पॉझिटिव्ह रिपोर्ट पुरला असता.

आता तुमचं. तुमचे दिवस दोन ढिगांत वेगळे करा : सासूबाईंसाठी घरी राहिलात ते, आणि स्वतः आजारी होतात ते. एकाच अर्जात सगळं कोंबलं की टाइम ऑफिसचा माणूस सगळंच बाजूला ठेवतो.

आजारपणाचे दिवस ईएसआयकडे न्या. तिथे सरासरी रोजाच्या ७० टक्के पैसे मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. साधारणपणे पहिले दोन दिवस धरत नाहीत. ईएसआय दवाखान्याचं सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म ७, आणि पैसे मागायचा अर्ज म्हणजे फॉर्म ९. तेव्हा दवाखान्यात जाता आलं नसेल, तर पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि ज्या डॉक्टरांनी औषधं दिली त्यांचा तारखांसकट दाखला ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्या. दुसरा पुरावा ग्राह्य धरायचा अधिकार त्यांना आहे. रिपोर्टवरचं नाव ईएसआय कार्डाशी जुळतंय ना, तेवढं आधी पाहा.

खरी मेख पुढेच आहे. एप्रिल २०२१ च्या आजारपणाला ईएसआय मोजतं ते एप्रिल ते सप्टेंबर २०२० मधले पगाराचे दिवस, आणि ते किमान ७८ भरावे लागतात. म्हणजे नेमका लॉकडाउनचा काळ! कंपनीने त्या महिन्यांचा पगार दिला असेल तर ते दिवसही धरले जातात. म्हणून तेव्हाच्या पगारपावत्या काढून बसा. हजेरी ‘गैरहजर’ लावली आणि पगार मात्र दिला, असा घोळ असेल तर कंपनीकडून दुरुस्त करून घ्या. आणि ज्या दिवसांचे पैसे ईएसआयकडून घ्याल, त्याच दिवसांची पगारी रजा कंपनीकडे मागू नका. दोन्हीकडून घेता येत नाही.

निगेटिव्ह रिपोर्टचा हट्ट चुकीचा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २८ एप्रिल २०२१ च्या सूचनांनुसार लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि सलग तीन दिवस ताप नसला की घरचं विलगीकरण तेव्हा संपत होतं, पुन्हा चाचणी लागत नव्हती. बरं, एप्रिलच्या रजेला जुलैत काढलेला निगेटिव्ह रिपोर्ट काय सिद्ध करणार? सूचनांची प्रत एचआरला द्या. कामावर घ्यायला फिटनेस मागणं वेगळं, त्याला डॉक्टरांचं फिट सर्टिफिकेट चालतं.

राहिले सासूबाईंचे दिवस. इथे गोड बोलून उपयोग नाही. घरच्या माणसाच्या आजारपणासाठी खासगी कारखान्यात मिस्टरांसारखी वेगळी रजा कायद्याने नाही, आणि ईएसआय पैसे देतं ते तुमच्या स्वतःच्या आजारपणाचे. तुमच्या पीएलमधून, म्हणजे कमावलेल्या पगारी रजेतून, ते दिवस वळते करून मागा. कारखाना कायद्यात तेव्हा (२०२१) वर्षात २४० दिवस भरले की वीस दिवसांमागे एक रजा पुढच्या वर्षी मिळत होती. मागची शिल्लक किती आहे ते लेखी विचारा. एकाच घरात एकाला १५ दिवस हक्काचे आणि दुसरीला विनंतीअर्ज, हे मला पटत नाही, पण २०२१ मध्ये कायदा तसा होता.

सासूबाईंच्या डिस्चार्ज कार्डाच्या तीन-चार झेरॉक्स काढून ठेवा, मूळ कार्ड कुणालाच देऊ नका. अर्ज दोन प्रतींत करा आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.