एक्सेलमधे बायनरीची पुढची शून्यं जातात कुठे?

प्रश्न : सर, मी अकरावीला कॉम्प्युटर सायन्स शिकवते. मुलांसाठी एक्सेलमधे बायनरीचा तक्ता करतेय, पण ०००१०११० टाईप करून एंटर मारलं की नुसतं १०११० उरतं. शून्यं टिकवायची कशी, आणि चार-चारचे गट पाडता येतील का?

उत्तर : मॅडम, सेलमधे टाकलेला आकडा बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेला, आहे हे एक्सेलला कळतच नाही हो, त्याच्या लेखी तुमचे १०११० म्हणजे दहा हजार एकशे दहा, मग पुढची शून्यं ते कशाला ठेवेल. नुसती दिसायला हवी असतील तर फॉरमॅट सेल्समधे जा, कस्टम निवडा आणि टाईपच्या चौकटीत चार शून्यं, एक स्पेस, परत चार शून्यं असं द्या, लगेच ०००१ ०११० दिसेल. पण हे फक्त वरवरचं, आतला आकडा तोच राहतो. त्यात १ मिळवून बघा, १०१११ येतं, बरोबर वाटतं आणि माणूस इथेच फसतो, कारण अजून १ मिळवला की येतं १०११२. बायनरीत २!

म्हणून मी तर म्हणेन मूळ आकडा साधा दशमानच ठेवा. एका कॉलममधे २२ (म्हणजेच बायनरीतलं १०११०) लिहा आणि शेजारी बेस (BASE) फंक्शन, कंसात आधी तो सेल, मग बायनरीसाठी २, मग किती अंक हवेत ते ८, की ०००१०११० तयार. बेरीज वगैरे सगळी दशमानच्या कॉलममधे करायची. बेस २०१३ पासूनच्या एक्सेलमधे आहे, त्याआधीचं असेल तर डेक-टू-बिन (DEC2BIN) वापरा, पण ते उणे ५१२ ते ५११ एवढंच घेतं, ५१२ दिलं की एरर. दोन्हींचं उत्तर टेक्स्ट असतं त्यामुळे कस्टम फॉरमॅटचा त्यावर काही परिणाम होत नाही, गट पाडायचे तर तेच फंक्शन टेक्स्ट फंक्शनच्या आत टाका आणि तो शून्यांचा फॉरमॅट डबल कोटमधे द्या.

सोळा बिट, म्हणजे सोळा अंकी बायनरी, मात्र हाताने टाईप करताना जपा. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरतं, सोळा वेळा १ टाकलात तर शेवटचा गुपचूप ० होतो, एरर नाही काही नाही, आणि असा तक्ता परीक्षेला गेला तर मुलाचं बरोबर उत्तर चूक ठरेल. तिथे सेलला टेक्स्ट फॉरमॅट टाईप करायच्या आधीच लावा, नंतर लावून गेलेला अंक परत येत नाही.