मुंबई–पुणे हवाई अंतर १२४ किमी, मग विमानाला तास का लागतो?

नवी मुंबईतल्या घणसोलीच्या सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: अंतर काढणारी साइट मुंबई–पुणे १२४ किमी आणि १० मिनिटं दाखवते, वेळापत्रकात मात्र जवळपास तास लिहिलेला असतो. खरं काय धरायचं, आणि विमानाने जाण्यात अर्थ आहे का?

अंतर बरोबर आहे, घरीही पडताळता येईल. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व; पुणे १८.५८, ७३.९२. अक्षांशाचा एक अंश १११ किमी, आपल्याकडे रेखांशाचा साधारण १०५. म्हणजे दक्षिणेला ५७ आणि पूर्वेला ११० किमी; दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की १२४ येतात.

१० मिनिटं मात्र नुसता भागाकार आहे: १२४ भागिले ताशी ८०० किमी. तो वेग उंचावर मिळतो, आणि एवढ्याशा अंतरात तिथे पोचणारच कसं? उतरताना दर हजार फुटांना ढोबळ ३ सागरी मैल लागतात. ३५,००० फुटांवरून खाली यायला १०५ सागरी मैल हवेत. इथे अख्खा मार्गच ६७ सागरी मैलांचा, म्हणजे तेच १२४ किमी. त्यामुळे जेट अर्ध्या उंचीवरूनच परत खाली वळतं. शिवाय १०,००० फुटांखाली वेगमर्यादा सहसा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमी.

वर वळसे आहेतच. मुंबईत बहुतेक वेळा २७ नंबरच्या धावपट्टीवरून पश्चिमेला, समुद्राकडे उड्डाण होतं आणि पुणं राहतं पाठीमागे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, २८ नंबरच्या धावपट्टीवर पश्चिमेकडे तोंड करून उतरवतात. म्हणजे मुंबईहून आलेलं विमान आधी पुण्याच्या पुढे जाऊन मागे फिरणार. त्यात लोहगाव हवाई दलाचा तळ, धावपट्टी एकच. हवेतला वेळ म्हणून २५–३० मिनिटं धरा.

वेळापत्रकातला वेळ जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, म्हणून रांगेत १५–२० मिनिटं सहज जातात. पुण्यात पाचेक मिनिटं. वर कंपन्या थोडा जादा वेळ धरून ठेवतात, कारण १५ मिनिटांच्या आत पोचलं तर विमान ‘वेळेवर’ मोजलं जातं.

आता घणसोलीचा हिशोब. सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर पोचायला तास, दोन तास आधी हजेरी, विमानाचा तास, वर पुण्यात बॅग आणि रिक्षा. साडेचार तास कुठे गेले नाहीत. कळंबोली ते किवळे एक्स्प्रेसवे ९४.५ किमी, घाटात ट्रक आडवा नसेल तर गाडीने तीन तासांत लोहगाव. पुढचं विमान त्याच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये असेल आणि बॅग थेट शेवटपर्यंत टॅग होत असेल, तरच विमान घ्या.

याच धाग्यात एकाने नवी मुंबईला उतरून सहारहून पुढचं विमान घ्यायचं विचारलंय. दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत अंतर जेमतेम २४ किमी, रस्त्याने मात्र ३५ च्या पुढेच. दोन वेगळी तिकिटं असतील तर पहिलं उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. बॅग अर्धा-पाऊण तास, रस्ता दीड तास, आणि देशांतर्गत काउंटर साधारण तासभर आधी बंद. सगळं सुरळीत झालं तरी तीन-साडेतीन तास. मी पाच सांगेन, परदेशाचं असेल तर सात. अटल सेतू शिवडीला नेऊन सोडतो, सहारसाठी तो दक्षिणेचा वळसा आणि टोलही मोठा. सायन-पनवेल महामार्ग तुंबलेला असेल तेव्हाच घ्या. वाशीला कारचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे.

बुक करताना शहराचं नाव नव्हे, कोड बघा: बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे उलव्याजवळचं. काही साइट ‘मुंबई’ टाकलं की दोन्ही एकाच यादीत दाखवतात, आणि स्वस्तातलं तिकीट बघताना नेमकी इथेच गफलत होते.